गोल्फच्या कपाटाचे वाचक

समितीचं पत्र सोमवारी आलं. सलग पाच वर्षं कुणीही घरी न नेलेली पुस्तकं महिनाअखेर ग्रंथालयातून काढून टाकावीत, असा आदेश होता. ग्रंथपालबाईंनी यादी केली. तीत एक कपाट पूर्ण बसत होतं: गोल्फ. एकोणीस पुस्तकं. चेंडू कसा मारावा हे शिकवणारी चार, उरलेली व्यावसायिक खेळाडूंची चरित्रं. गावात गोल्फचं मैदान नव्हतं. हिरवळ होती ती नगरपालिकेसमोर, आणि तिच्यावर पाय ठेवायला बंदी होती.

ही पुस्तकं ग्रंथालयाला देणारे अण्णा, निवृत्त इंजिनिअर, रोज अकराला वर्तमानपत्र वाचायला येत. सहा वर्षांपूर्वी त्यांनी एकेक पुस्तक स्वतः पुसून कपाटात लावलं होतं.

"रद्दीत घातली हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?" बाईंनी घरी विचारलं.

"रजिस्टरमध्ये चार नावं लिहून टाक. कोण बघतंय?" नवरा म्हणाला.

बावीस वर्षांत बाईंनी खोटी नोंद केली नव्हती. नोंद करायची तर पुस्तक खरोखर कुणाच्या तरी घरी जायला हवं. त्यांनी माणसं गाठायला सुरुवात केली. शिंपी कार्डाची मुदत वाढवायला आला, तो तीन चरित्रं घेऊन गेला. दाढ दाखवायला गेल्या तेव्हा दातांच्या डॉक्टरांच्या गळ्यात पाच मारली. शिकवणीची चार नवऱ्याला आणि उरलेली सात सासूबाईंना.

"मला कशाला गं? एवढं बारीक दिसतं का मला?"

"वाचायची नाहीत, आई. पंधरा दिवस फक्त उशाशी ठेवायची."

शुक्रवारी अण्णा रिकाम्या कपाटासमोर थबकले. "कुठे गेली?"

"वाचकांनी नेली. सगळी." हे खरं होतं, त्यामुळे बाईंना नजर चुकवावी लागली नाही.

अण्णांनी रिकाम्या फळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "असे वाचक भेटायलाच हवेत. रविवारी बोलवा त्यांना. चहा माझ्याकडून."

बाई थेट शिंप्याकडे गेल्या. "बाई, मी ती कॉलरी दाबायला वजन म्हणून ठेवलीत," तो म्हणाला. डॉक्टर निदान प्रामाणिक होते. "दुसऱ्या पानावर आहे. खेळाडू अजून जन्मायचाय." नवऱ्याने मात्र अभ्यास केला होता. छत्री उलटी धरून त्याने बैठकीच्या खोलीत बटाटा मारला होता आणि शेजाऱ्यांच्या खिडकीची काच बदलून देण्याचं कबूल करून आला होता.

रविवारी चौघे वाचक ओळीने बसले. अण्णांनी विचारलं, "बोला, काय आवडलं?" शिंपी अण्णांच्या कॉलरकडे पाहत राहिला. डॉक्टरांनी चहा संपलेला कप पुन्हा तोंडाला लावला.

सासूबाईंनी चष्मा पुसला. "त्या उंच माणसाचं सांगते. सतरा होलांत मेल्याने चेंडू सुरेख घातला आणि शेवटच्याला चार फुटांवरून चुकला. चुकणारच. सकाळी बायकोशी भांडून निघालेला. तिचं तरी काय चुकलं? वर्षातले चाळीस आठवडे नवरा घराबाहेर. बरं, काठ्यांची पिशवी वाहणारा कानीकपाळी ओरडतोय, उतार डावीकडे आहे म्हणून. पण ऐकेल तर शपथ."

त्या चाळीस मिनिटं बोलल्या.

"मग पुढच्या वर्षी जिंकला का?" डॉक्टर खुर्चीच्या टोकाला आले होते.

"तिथेच तर संपवलंय हो पुस्तक."

अण्णांनी घसा खाकरला. "आता लपवण्यात अर्थ नाही. मला यातलं ओ की ठो कळत नाही. आमच्या साहेबांना या खेळाचं वेड. दर वाढदिवसाला एक पुस्तक द्यायचे. नको म्हणवेना, टाकवेना. इथे दिली तेव्हा सुटलो. रोज येतो ते तुम्ही परत तर करत नाही ना, हे बघायला."

बाईंनी बसायला खुर्ची शोधली.

"पण वाचक आहेत म्हटल्यावर बरं झालं," अण्णा म्हणाले. "निवृत्त होताना साहेब स्वतःचीही मलाच देऊन गेले. दोन खोकी माळ्यावर आहेत. उद्याच पाठवतो."

जागा नाही, हे सांगायला बाईंनी तोंड उघडलं.

"अण्णा," सासूबाई म्हणाल्या, "त्या उंच माणसाचा पुढचा भाग असला, तर तो तेवढा खोक्यात वरच ठेवा."