जोगदंड सरांचा डावा पाय

जोगदंड सर गाडी चालवायला बसले की डाव्या पायातला बूट काढून ठेवायचे. "क्लच तळपायाला कळला पायजे," म्हणायचे. आमच्या शाळेत ते गणित शिकवतात, मी मराठी. पालीहून बीडला शाळेत मी त्यांच्याच गाडीतून जायचो. बार्शी नाक्यावर उसाचे ट्रॅक्टर, रिक्षा आणि बस एकमेकांत अडकले की सर खुलायचे. "दाब, टाक, सोड!" असं पुटपुटत गाडी वीतवीत पुढं काढायचे. प्रत्येक 'सोड'ला माझं डोकं मागं आपटायचं.

शाळेतल्या एका मॅडमनी बिनक्लचची, ऑटोमॅटिक गाडी घेतली. सरांनी त्यांचा पेढा खाल्ला आणि म्हणाले, "पाळणाच घेतला की तुमी! ह्याच्यात माणसानं करायचं काय? अंगाई म्हणायची?"

दिवाळीनंतर सर अचानक म्हणाले, "तुमी काही दिवस बसनं जा, सर." आणि स्वतः घामाघूम होऊन शाळेत चालत येऊ लागले. एकदा शाळेपासून बऱ्याच लांबच्या गल्लीत लिंबाखाली एक नवी गाडी दिसली. आतून जोगदंड सर उतरत होते, दोन्ही पायांत बूट.

"मेव्हण्याची हाय," मी न विचारताच ते म्हणाले. मी आत डोकावलो. क्लच नव्हता. सरांचे कान कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखे लाल झाले.

"मॅडमला सांगू नका, सर."

पुढच्या शनिवारी पालीच्या थांब्यावर तीच गाडी माझ्यापुढं थांबली. पुढं वहिनी बसल्या होत्या, कमरेला पट्टा. उन्हाळ्यात त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, आता व्यायामासाठी बीडच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. नाक्यावर नेहमीसारखे अडकलो. सरांचा डावा पाय नुसताच मॅट दाबत होता. मला हसू फुटलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. वहिनींना झोप लागली होती.

"जुन्या गाडीत कधी झोपली न्हाई," सर कुजबुजले. "दाराचं हँडल आवळून बसायची. मला वाटायचं, गर्दीला भेती. मागं एकदा विचारलं, कावून गं एवढं घट्ट धरती? तर म्हणली, तुमी गेअर टाकला की कळ मस्तकात जाती. म्हणलं, मग सांगायचं न्हाई का? तर म्हणली..." सर थांबले. "म्हणली, तुमी लई खुशीत असता."

वहिनींचा हात आता मांडीवर सैल पडला होता.

"ऑपरेशनच्या आधीपासून दुखत हुतं तिला. अन् मी शेजारी बसून हुशारी दाखवीत हुतो. मॅडम हसल्या तर हसू द्या, सर. हिच्यापुढं मान वर होत न्हाई."

ट्रॅक्टर हलला. वाट मोकळी झाली. मागून हॉर्नचा गलका उठला. सरांनी गाडी इतकी अलगद सोडली, की दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. जाताजाता वळून त्यानं विचारलं, "पंक्चर हाय का, मामा?"

सरांनी हातानंच त्याला पुढं जायला सांगितलं.