इंदूआत्या वजन उचलतात

इंदूआत्या म्हात्रे यांनी मला नाव विचारायच्या आधी उचललं.

अक्षरशः उचललं. आम्ही ठाण्याला, कोपरीत नवीन राहायला आलेलो. मी जिन्यापाशी भाजीच्या पिशव्या घेऊन उभी होते. समोरून पांढऱ्या केसांच्या, साडीखाली जाड तळव्यांचे बूट घातलेल्या एक बाई आल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझ्या हातातल्या पिशव्या काढून बाजूला ठेवल्या, कमरेला मिठी घातली आणि मला जमिनीपासून वीतभर वर घेतलं.

"चौपन्न," असं म्हणून त्यांनी मला काचेच्या बरणीसारखं अलगद खाली ठेवलं. "बरं, नाव काय गो तुझं?"

घरी येऊन मी वजनकाट्यावर उभी राहिले. चौपन्न किलो सातशे ग्रॅम. दुसऱ्या दिवशी त्यांना मुद्दाम हे सांगितलं, तर म्हणाल्या, "सातशे ग्रॅम तुझे कपडे."

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हा आत्या चौसष्टच्या होत्या, आता त्र्याहत्तरच्या आहेत. आमच्या इमारतीत त्यांना सगळेच आत्या म्हणतात, त्यांच्याहून मोठे असलेले सेक्रेटरी कुलकर्णीसुद्धा. इमारत त्यांच्या वडिलांच्या जागेवर उभी राहिली, त्यात तळमजल्यावरचा ब्लॉक आत्यांना मिळाला. तळमजला त्यांनी मागून घेतला. "वरचा मजला नको. जमिनीला धक्के बसतात, लोकांचे पंखे पडतील."

त्यांच्या हॉलमध्ये टीपॉयच्या जागी लोखंडी बार आहे आणि टीव्हीखाली लोखंडी चकत्या, मोठीवर मधली, मधलीवर छोटी, पुरणपोळ्यांसारख्या रचलेल्या. दसऱ्याला आत्या या लोखंडाला झेंडूच्या माळा घालतात आणि हळदकुंकू वाहतात. सोफा नाहीच. पाहुण्यांनी बसायचं ते व्यायामाच्या बाकावर. मागे टेकायला काही नसल्यामुळे तिथे चहा पिताना माणूस आपोआप ताठ होतो. आत्यांना तेच हवं असतं. कुठल्याही तक्रारीवर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी पाठ सरळ, मग बोल." कुलकर्णी एकदा पाण्याच्या टाकीवरून भांडायला गेले आणि अर्ध्या तासाने गुडघे वाकवून बादली कशी उचलावी ते शिकून परत आले. टाकीचं राहूनच गेलं.

लग्नाला गेल्या की आत्या नवरामुलगा बघतात तो खांद्यांपासून. "छाती केलीय मेहनतीने," त्या माझ्या कानात सांगतात, पण कुजबुजणं त्यांना जमत नाही, त्यामुळे पुढच्या चार रांगांना ऐकू जातं. "पण पाय नाय केले हो. बघ ना, सुरवारीत काड्या घातल्यासारख्या." त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही. का, असं एकदा विचारलं. "मना बघायला आलेले ना तिघे. मी पण त्यांना बघितलं." एवढंच उत्तर.

लिफ्ट बंद असली की गॅसवाला भरलेले सिलिंडर खाली ठेवून निघून जातो. मग आत्या एकेक सिलिंडर लेकरासारखा काखेत धरून वर आणून देतात आणि वर आपल्यालाच म्हणतात, "बरं झालं बाय, आज चुकलाच असता व्यायाम."

त्यांच्यासमोर दोन शब्द चालत नाहीत: 'या वयात'. हे शब्द एका लांबच्या नातेवाइकाने एकदा त्यांच्यासमोर उच्चारले. आत्यांनी त्याला शांतपणे विचारलं, "वय काय बारला लावतात? कुठल्या बाजूला?"

त्यांचे वडील मिठागरावर कामाला होते. बाराव्या वर्षी आत्या डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत होत्या. एकविसाव्या वर्षी त्या एका सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागल्या. रुग्णांना खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून खाटेवर घ्यायचं, हे काम. "आमच्याआधीच्या सगळ्या आया बघितल्या मी," त्या सांगतात. "चाळिशीत पाठी गेलेल्या. वाकून चालायच्या, रुग्ण बरे दिसायचे त्यांच्यापेक्षा. मी म्हटलं, माझं असं नाय होणार."

मग त्या जवळच्या व्यायामशाळेत गेल्या. तिथे बायकांना मनाई. भांडल्या नाहीत. ड्यूटी सुटली की आयाच्या साडीत दारापाशी येऊन उभ्या राहायच्या आणि आतले पुरुष काय करतात ते बघायच्या. असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी उस्ताद वैतागून म्हणाले, "हा बार जमिनीवरून उचललास तर उद्यापासून ये." पंधरा दिवस त्याच बारकडे बघत उभ्या असलेल्या बाईला हे म्हणणं म्हणजे उस्तादांची चूकच. आत्यांनी पदर खोचला, पाठ सरळ केली आणि उचलला. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी एका कोपऱ्यात पडदा लावून दिला. "पडदा माझ्यासाठी नव्हता," आत्या सांगतात. "बाप्ये लाजायचे."

तेव्हापासून आजपर्यंत आठवड्यातले चार दिवस लोखंड. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलं. तो महिनाभर त्या इतक्या चिडचिड करत होत्या, की टाके बरे झाल्यावर आम्हीच पेढे वाटले.

या हिवाळ्यात त्यांनी एक दिवस जाहीर केलं, "मी कल्याणला स्पर्धेत उतरतेय." आयुष्यात कधी स्पर्धेत न उतरलेली बाई! मला सोबत चल म्हणाल्या. रविवारी सकाळी आम्ही त्या हॉलवर पोचलो. नाव नोंदवणाऱ्या माणसाने कौतुकाने मान डोलावली. "आजी, सत्तरीपुढच्या महिलांच्या गटात तुम्ही एकट्याच आहात. नुसता मोकळा बार उचललात तरी सुवर्णपदक तुमचंच."

आत्यांचा चेहरा पडला. असा अपमान त्यांचा कोणी केला नव्हता. "मग मना पन्नाशीतल्या बायकांत घाल."

"तसं करता येत नाही हो."

"मग पदक तुझ्याकडेच ठेव. मी वजन उचलायला आलेय."

स्पर्धेचा पोशाख अंगाला घट्ट बसणारा, गुडघ्यावरचा. आत्यांनी तो बाह्यांच्या बनियनवर चढवला, लांब मोजे घातले, कपाळावर टिकली लावली आणि अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा माळला. गजऱ्यावरून पंचांची थोडी कुजबुज झाली. आत्यांनी विचारलं, "वजनात धरणार काय?" गजरा राहिला.

तीन वेळा उचलायची संधी असते. पंचाहत्तर किलो सहज गेलं. ऐंशीलाही पाय हलला नाही. मग त्यांनी पंच्याऐंशी सांगितलं. मी घाबरले. तेवढं त्यांनी घरीसुद्धा कधी उचललेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी हाताला खडूची पूड लावली, बारवर वाकल्या, आणि काहीच झालं नाही. बार जमिनीला चिकटलेला. एक क्षण, दोन क्षण. आत्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. मग लोखंड कुरकुरलं, चकत्यांखाली फट दिसली, बार नडग्यांवरून, गुडघ्यांवरून वर सरकला आणि आत्या ताठ उभ्या राहिल्या. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे उचललेलं मान्य. पन्नाशीच्या गटातल्या दोघींपेक्षा जास्त वजन! हॉल टाळ्यांनी दणाणला. मी रडत होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "आमच्या इमारतीतल्या आहेत. तळमजल्यावर राहतात."

फोटोसाठी रांग लागली. आयोजक म्हणाले, "संध्याकाळी सत्काराला थांबायचंय हं आजी, पाहुण्यांच्या हस्ते खास शाल द्यायचीय." आत्यांनी घड्याळ बघितलं. "नाय जमणार. चार वाजता कळव्याला पोचायचंय." अंगावर साडी गुंडाळून त्या बाहेर पडल्यासुद्धा.

रिक्षात मी चिडूनच विचारलं, "एवढं काय आहे कळव्याला? आणि सत्कार नको होता तर स्पर्धेत उतरलात कशाला?"

"अंदाज घ्यायला," त्या म्हणाल्या. "कमळचं वजन एकसष्ट हाय. पंच्याऐंशी जमलं म्हंजे अजून चार-पाच वर्षं तरी मी तिला पुरेन."

कमळ हे नाव मी नऊ वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

कळव्याला दुसऱ्या मजल्यावर एका मध्यमवयीन बाईने दार उघडलं. ती कमळची सून. आतल्या खोलीत खाटेवर एक म्हातारी बाई होती, उजवं अंग लुळं पडलेलं. सुनेने मला हलक्या आवाजात सांगितलं, की सासूबाई आणि आत्या दवाखान्यात एकाच वॉर्डात आया होत्या. तीस वर्षं दोघींनी मिळून रुग्ण उचलले. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंना झटका आला. वाचा गेली. तेव्हापासून पडण्याची अशी भीती बसली, की मुलाने उचललं तरी किंचाळतात, बाई ठेवली तर तिला ओरबाडतात. फक्त आत्यांचा हात चालतो. दर रविवारी आणि गुरुवारी चार वाजता आत्या त्यांना उचलून गॅलरीत नेतात आणि अंधार पडायच्या आत परत आणून निजवतात. बाकीचे दिवस त्या खाटेवरच.

आत्या खाटेजवळ गेल्या. एक हात कमळबाईंच्या पाठीखाली, दुसरा गुडघ्यांखाली. स्वतःचे पाय रोवले आणि थांबल्या. कमळबाईंचे वाकडे झालेले ओठ हलले.

"एक," त्या स्पष्ट म्हणाल्या. "दोन. तीन."

तिनाला आत्यांनी त्यांना वर घेतलं.

"एवढंच येतं त्यांना," सून म्हणाली. "बाकी एक शब्द नाही. उचलताना मोजायच्या ना दोघी, तेवढं राहिलंय."

गॅलरीतून खाडीचा एक तुकडा दिसत होता. आत्यांनी कमळबाईंना खुर्चीत बसवलं, अंबाड्यातला गजरा काढून त्यांच्या पातळ केसांत अडकवला आणि शेजारी स्टूल ओढून बसल्या. सकाळपासूनचं सगळं सांगायला लागल्या. पोशाख किती घट्ट होता, पंच कसे कुजबुजले, शेवटचा बार कसा हलेचना. कमळबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. आत्यांचा फोन दोनदा वाजला, कल्याणहून असणार. त्यांनी तो न बघताच पिशवीत टाकला.

पाऊण तासाने त्या पाणी प्यायला म्हणून उठल्या. तशी कमळबाईंनी डाव्या हाताने त्यांचा पदर घट्ट पकडला आणि घाईघाईने मोजायला सुरुवात केली, "एक, दोन, तीन. एक, दोन, तीन."

"नाय गो, जात नाय," आत्या म्हणाल्या आणि पाणी न पिताच खाली बसल्या. "बसलेय मी. बघ, इथंच बसलेय."