डबा रिकामा पाठवू नये

सुंदरबाईंचा डबा वरच्या मजल्यावरून रिकामा परत आला आणि तिथून सगळं बिघडलं. रिकामा म्हणजे कसा, घासूनपुसून लखलखीत, आत बघून भांग पाडावा असा. सकाळी त्यातून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी वर गेली होती. संध्याकाळी भाडेकरू हसतमुखानं खाली आला आणि दोन्ही हातांनी अदबीनं कोरडा ठणठणीत डबा देऊन गेला.

"माणसं हायीत का काय?" सुंदरबाई भडकल्या. "भरला डबा रिकामा धाडत्यात का कुठं? अवदसा येती घरात!"

"अगं, परदेशी हायीत ती. त्यान्ला काय ठावं?" बद्रीनाथराव म्हणाले.

"मंग सांगा की जाऊन! मला इंग्रजी येतं, इंग्रजी येतं म्हणून गल्लीभर मिरवता ना?"

हे वर्मावर बोट होतं. बद्रीनाथराव जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांचं इंग्रजी उभ्या जन्मात फक्त सरकारी पत्रातून वावरलं होतं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं म्हटल्याशिवाय त्यांना इंग्रजीत पाणीसुद्धा मागता येत नसे. पण बायकोनं डिवचल्यावर ते उठले, सदरा चढवला आणि जिना चढू लागले. (नसते चढले तर बरं झालं असतं, असं पुढं त्यांना फार वाटलं.)

आता बीडमध्ये डेन्मार्कची माणसं कशाला आली, असं कुणी विचारील. तर बालाघाटाच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पवनचक्की म्हटलं की ती फिरते आणि आपल्याकडे आली की कधीकधी फिरतही नाही. ती का फिरत नाही हे बघायला येन्स नावाचा उंचच उंच इंजिनिअर, बायको मेटे आणि तान्ही फ्रेया यांना घेऊन इथं राहायला आला. बद्रीनाथरावांनी वरचा मजला त्यांना दिला आणि त्या दिवसापासून स्वतःला बीडमधले एकमेव आंतरराष्ट्रीय घरमालक म्हणवून घेऊ लागले.

गल्लीची मात्र साफ निराशा झाली. साहेब आला म्हणून लोक बघायला जमले, तर साहेब सायकलवर बसून कोथिंबीर आणायला निघालेला. पुढच्या आठवड्यात मेटेनं बाळाला बाबागाडीत घालून खाली अंगणात झोपवलं. त्यांच्याकडे म्हणे पोरं मोकळ्या हवेतच झोपवतात. इथं बायकांना वाटलं, पोर टाकून दिलं! मेटे तासाभरानं खाली येते तो गाडी रिकामी. तिनं टाहो फोडला. फ्रेया समोरच्या हजराबींच्या घरी सापडली. तोपर्यंत ती गल्लीतली निम्मी घरं फिरून आली होती, डोळ्यांत काजळ होतं, गालाला तीट होती आणि हातात सीताफळ होतं. येन्सही हळूहळू मराठी शिकला, पण साइटवरच्या फिटर लोकांकडून. त्यामुळे तो बद्रीनाथरावांना रोज सकाळी हात जोडून, वाकून "काय बे बद्रीनाथराव!" म्हणायचा. गल्लीतलं एकही माणूस त्याला सुधारायला तयार नव्हतं.

तर बद्रीनाथराव जिना चढले. दारातच त्यांच्या नाकात लोणी आणि दालचिनीचा वास शिरला आणि पाय थबकले. टेबलावर तांबूस, फुगलेला, वर साखरेचा थर दिलेला केक वाफाळत होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बद्रीनाथरावांना शुगर होती. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि सुंदरबाईंनी ते डॉक्टरांपेक्षा जास्त बंद केलं होतं. साखरेचा डबा कुलपात, गूळ माळ्यावर. चहा असा की औषध बरं. बिचारा माणूस लग्नाच्या पंगतीत जिलबीकडे असा बघायचा की वाढपी दुसऱ्या बाजूनं जायचा.

येन्सनं खुर्ची दिली, केकची फोड दिली. बद्रीनाथरावांनी ती तोंडात टाकली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांच्या डोक्यात आपली संस्कृती नव्यानं लिहून तयार होती.

"उपरोक्त डब्याच्या विषयास अनुसरून," त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, "आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत."

इथवर खरं होतं. इथं थांबले असते तर भलं झालं असतं.

"आणि," ते टेबलाकडे बघत म्हणाले, "आलं त्याहून जास्त परत करतात. आणि ते गोडच असावं लागतं. फार प्राचीन पद्धत आहे."

येन्स गंभीर झाला. डेन्मार्कची माणसं नियम म्हटला की मध्यरात्री मोकळ्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलला थांबतात. त्यानं मेटेला बोलावून सगळं समजावलं. मेटेनंही मान डोलावली. बद्रीनाथराव जिना उतरले तेव्हा त्यांना आपण देशासाठी काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून डबा भरून येऊ लागला. बद्रीनाथराव वर्तमानपत्र घेऊन खालच्या पायरीवरच बसत. डबा हातात पडला की जिन्याखाली जाऊन निम्मा स्वाहा करत, मिशी पुसत आणि उरलेला तोंड पाडून घरात देत.

"बघा, पद्धत कळली का न्हाई?" सुंदरबाई खूश व्हायच्या. "पर तुमी हात लावायचा न्हाई हां. हजराबीच्या नातवंडांला देते."

"छे छे! मला काय करायचंय गोड?" बद्रीनाथराव म्हणायचे.

पण सुंदरबाईसुद्धा काही कमी नव्हत्या. त्यांनी केक दिला तर आपण काय नुसते धपाटे द्यायचे? सुंदरबाईंनी शेंगोळे केले. वरून बिस्किटांचा ढीग आला. त्यांनी पुरणपोळ्या केल्या, वरून लोण्यात न्हालेल्या गोड पावाच्या गुंडाळ्या आल्या. डब्याचं पातेलं झालं, पातेल्याचा टोप झाला. सुंदरबाईंचा गॅस महिना संपायच्या आधीच संपला. वर मेटेची विजेची भट्टी दिवसभर पेटलेली. तिच्यापायी एक दिवस गल्लीचा फ्यूज उडाला आणि ऐन क्रिकेटच्या मॅचमध्ये सगळीकडे अंधार झाला. तेव्हा गल्लीनं डेन्मार्क देशाचा प्रथमच मनापासून, नाव घेऊन उद्धार केला. बद्रीनाथराव मात्र अंगानं भरू लागले होते. डोळ्यापुढं अंधारी यायची, पण ते ती फ्यूजवर ढकलत.

आणि एका रविवारी येन्स खाली आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. सुंदरबाई आणि हजराबी ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. बद्रीनाथराव सवयीनं पायरीवर होतेच.

"काय बे बद्रीनाथराव," येन्स पडलेल्या आवाजात म्हणाला, "आमी घर सोडतो."

बद्रीनाथरावांच्या हातातलं वर्तमानपत्र गळालं. घर सोडलं की आंतरराष्ट्रीय मालकी गेली. आणि दालचिनीचा वास गेला तो गेलाच.

"कावून हो?" सुंदरबाई उठून उभ्या राहिल्या. "पाण्याची अडचण झाली का? आमचं काय चुकलं?"

"न्हाई, न्हाई. घर लई भारी. तुमी लई भारी." येन्स शब्द शोधू लागला. "पण डबा न्हाई जमत. मेटे रोज करते. बाळाला टाइम न्हाई. काल मेटे रडली. आलं त्याहून जास्त पायजे. गोडच पायजे. आमी लहान माणसं. तुमची पद्धत लई मोठी."

सुंदरबाईंनी आधी येन्सकडे बघितलं, मग हळूच मान वळवली. बद्रीनाथराव आकाशातला ढग बघण्यात गुंतले होते. ढग नव्हता.

"अगे माँ!" हजराबींनी कपाळाला हात लावला. "ऐसा कौन बोल्या तुमकू? इत्ते साल हुए, मैं इनका बर्तन चुटकीभर शक्कर डालके वापस करती. नई तो मुठभर ज्वारी. बस! खाली नई भेजना, इत्तीच बात है."

"यांनी सांगितलं," येन्स निरागसपणे म्हणाला. "प्राचीन पद्धत."

सुंदरबाईंनी पदर खोचला. हे फार वाईट लक्षण होतं. त्या तडक जिना चढून वर गेल्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. पण नवऱ्याविषयी बोलायचं असलं की बायकांना भाषेची अडचण येत नाही. बऱ्याच वेळानं त्या फ्रेयाला कडेवर घेऊन खाली आल्या. त्यांचे डोळे ओले होते.

"लेकीच्या वयाची पोरगी हाय हो ती," त्या हजराबींना म्हणाल्या. "परमुलखात आलेली. अन् आपुन तिला भट्टीला जुंपली. मला लाज वाटली बाई." मग येन्सला म्हणाल्या, "कुठं जायचं न्हाई. मेटेला म्या नीट पद्धत शिकवली हाय."

घर सोडायचं रद्द झालं. बद्रीनाथरावांना एक शब्दही ऐकावा लागला नाही. उलट रात्री पानात भाकरीबरोबर येसराची आमटी होती. बायको आपली समजूतदार आहे, असं त्यांना बऱ्याच वर्षांनी वाटलं. (माणूस हेडक्लार्क असला म्हणून सगळंच त्याच्या ध्यानात येतं असं नाही.)

दुसऱ्या दिवशी ते पायरीवर बसले. आता चिमूटभर साखर तरी येईल, ती जिभेवर ठेवू, असा बेत होता. जिन्यात पावलं वाजली. येन्स आला. त्याच्या हातात तोच डबा होता आणि डबा जड दिसत होता. बद्रीनाथरावांनी आशेनं झाकण उघडलं.

आत कारली होती. भरली नव्हेत, तळली नव्हेत, नुसती उकडलेली, हिरवीगार, काठोकाठ.

"हे काय?"

"पद्धत!" येन्सचा चेहरा उजळला होता. "सुंदरबाई बोलल्या. घरमालकाला शुगर असली तर भाडेकरूनं डब्यात कारली द्यायची. मालकानं समोर खायची. संपेपर्यंत भाडेकरूनं उभं राहायचं. लई प्राचीन."

बद्रीनाथरावांनी मागं वळून बघितलं. दारात सुंदरबाई, शेजारी हजराबी, वर कठड्याशी मेटे. पद्धत खोटी आहे म्हणावं, तर पहिली पद्धतही आपणच रचली होती हे येन्ससमोर कबूल करावं लागलं असतं. त्यांनी एक कारलं उचललं, डोळे मिटून चावलं. मग दुसरं. येन्स हात बांधून उभा होता, सिग्नलला उभा राहतो तसा. डबा रिकामा व्हायला बराच वेळ लागला.

"कसं हाय?" येन्सनं विचारलं.

इतक्या बायकांसमोर पाहुण्याच्या हातचं वाईट कसं म्हणणार? बद्रीनाथरावांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं. "लई भारी," ते म्हणाले.

येन्स आनंदानं वर ओरडला, "मेटे, त्यांना आवडलं!" आणि रिकामा डबा उचलून वाकून म्हणाला, "काय बे बद्रीनाथराव, उद्या पातेलं आणतो. आलं त्याहून जास्त, तुमीच सांगितलं ना!"