एकाही मुलीने वळून पाहिले नाही

'मुलीचे नाव मी शोधेन' हे वाक्य मी तिच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी, पूर्ण शुद्धीत उच्चारले. संख्याशास्त्रात नुकतीच पदव्युत्तर पदवी मिळवलेल्या माणसाला हे काम जड जाऊ नये, असा माझा अंदाज होता. (पदवी द्वितीय श्रेणीतील आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.)

बायकोची अट एकच होती. "साधं हवं, पण उठसूट कुणाचंही असेल असं नको."

या अटीला इतिहास आहे. शाळेत तिच्या वर्गात तिच्याच नावाच्या चौघी होत्या. बाईंनी सोयीसाठी त्यांना क्रमांक दिले आणि बायको दहा वर्षे 'तिसरी' म्हणून वावरली. एकदा 'दुसरी' गणितात नापास झाली, तर निकाल हिच्या घरी कळवला गेला आणि हिने आख्खा दिवस रडून काढला. आजही जुनी मैत्रीण भेटली, की "काय गं तिसरे" असेच म्हणते. ही हसते, पण ते हसू ओठांच्या पुढे जात नाही, हे मी पाहिले आहे.

"माझ्या लेकीला नंबर नको," ती म्हणाली. "शुक्रवारी दवाखान्यात फॉर्म द्यायचाय. तोवर जमेल ना?"

"पद्धतशीर काम केलं तर नक्की जमेल."

"त्यात 'तर' कशाला घातलास?"

साधेपणाची चाचणी घरच्या घरी झाली. सासूबाईंनी कवळी काढून नाव उच्चारायचे. तरीही ओळखू आले, तर ते साधे. एकतीस नावांपैकी सात टिकली. "आता दात लावू का, जावईबापू?" एवढेच त्या शेवटी म्हणाल्या.

दुर्मीळपणाची चाचणी अधिक शास्त्रशुद्ध होती. दवाखान्यासमोर एक बाग आहे. रविवारी संध्याकाळी तिथे पन्नासेक मुले खेळतात. शिवाय डॉक्टरांच्या सल्ल्याने फेऱ्या मारणाऱ्या, दिवस भरत आलेल्या बायका असतात. (त्यांची मी नोंद केली, पण हिशेबात धरले नाही.) प्रत्येक नावाने तीन ठिकाणांहून हाक मारायची, कुणीही वळून पाहिले, तर ते नाव बाद.

पहिल्या नावाला दोन मुली आणि एक कुत्री वळली. चौथ्याला एक आजीबाई "आले, आले" म्हणत बाकावरून उठल्या. त्यांची क्षमा मागण्यात दहा मिनिटे गेली. सहावे नावही बाद झाले.

सातवे नाव (ते इथे लिहीत नाही; जाहीर केल्याचे परिणाम पुढे येतीलच) मी घसरगुंडीपाशी पुकारले. एकही मुलगी वळली नाही. झोपाळ्यांपाशी पुकारले, कुणी नाही. वाळूच्या हौदापाशी तिसरी हाक मारताना आनंदाने माझा गळा दाटून आला, आणि घोटाळा तिथेच झाला.

बाकावरून एक बाई उठल्या. त्या जवळच बालवाडी चालवतात, हे मला मागाहून कळले. त्यांच्या आवाजावरून तेव्हाच कळायला हवे होते.

"कधीपासून दिसत नाहीये?"

"कोण?"

"तुमची मुलगी."

"ती इथं नाहीये हो."

"ते दिसतंय मला. धीर सोडू नका. किती वर्षांची आहे?"

अचूक उत्तर देण्याची मला सवय आहे. "बारा दिवसांची."

बाईंनी छातीवर हात ठेवला. "आणि तिला घसरगुंडीवर सोडलंत?"

"छे, छे. ती घरी आहे, आईजवळ. मी फक्त नाव..."

"धक्क्यानं होतं असं," बाई रखवालदाराला हळूच म्हणाल्या. "यांना आधी बसवा. वय विचारू नका, तीनेक वर्षांची धरून चालू."

रखवालदाराने मला पाणी पाजले आणि बाग बंद करताना वापरायचा लाउडस्पीकर काढला. बाईंनी लोकांच्या रांगा लावल्या. पुढची चाळीस मिनिटे माझ्या लेकीचे नाव झुडपाझुडपांतून ऐकू येत होते. फेऱ्या मारणाऱ्या बायकाही सावकाश त्यात सामील झाल्या.

"किती गोड नाव आहे, नाही?" त्यांतली एक नवऱ्याला म्हणाली.

"साधं आहे. पण कधी ऐकलं नव्हतं."

हे ऐकून मला धन्य वाटले. (यावरून माझी श्रेणी योग्यच होती, हे सिद्ध होते.)

अखेर बायकोचा फोन आला. बाईंनी तो माझ्या हातातून घेतला. "ताई, मन घट्ट करा. मुलगी सापडत नाहीये."

"मुलगी माझ्या मांडीवर आहे," बायको म्हणाली. "तुमच्याकडे जो हरवलाय, त्याला घरी पाठवा."

घरी मी नाव सांगितले. तिने ते दोनदा स्वतःशी म्हटले आणि मग लेकीच्या कानाशी. लेकीने मान वळवली. (पंख्याकडेही वळवली असेल, एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही.) बायको मात्र डोळे पुसत हसली, आणि या वेळी ते हसू सगळ्या चेहऱ्यावर होते.

शुक्रवारी फॉर्म घेताना दवाखान्यातील कारकुनाने चष्मा वर केला. "या आठवड्यातलं हे चौथं. काय आहे हो या नावात? रविवारपासून जो तो तेच लिहितोय."

मी बाहेर येऊन बायकोला फोन लावला. कारकुनाचे वाक्य तिला जसेच्या तसे सांगितले.

"बदलू का?" मी विचारले.

"ती वळते आता त्या नावाला," ती म्हणाली. "राहू दे. पण नंबर लागला ना, तर बघ."

नंबर लागला नाही. साडेतीन वर्षांनी लेक बालवाडीत गेली, तेव्हा वर्गात त्याच नावाच्या चौघी निघाल्या. पण तिथल्या बाई क्रमांक देत नाहीत, ओळखीच्या खुणेने हाक मारतात. एक उंच, एक बुटकी, एक कुरळ्या केसांची, आणि आमची 'हरवलेली'.

पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला न्यायला गेलो. बाईंनी मला क्षणात ओळखले, प्रेमाने खुर्ची दिली, पाणी दिले आणि लेकीचा हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवला.

"बसा हं निवांत," त्या म्हणाल्या. "हिची आई येतेय तुम्हा दोघांना न्यायला."