बोंद्र्यांच्या केंद्राच्या फळ्या

बोंद्र्यांच्या घरात पाय ठेवायचा तर आधी वहीत सही करावी लागे. विरजण मागायला गेलं तरी. दाराशी स्टूल, स्टुलावर लांबट वही, दोरीला बांधलेली पेन्सिल. नाव, वेळ, येण्याचं कारण.

"भाऊजी, वाटीभर दह्यासाठी सही?"

"वहिनी, हे घर नाही, केंद्र आहे. केंद्राले शिस्त लागते."

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. आम्ही सेक्टरातल्या नव्या क्वार्टरात राहायला आलो होतो. आमचे हे फोरमन. शेजारी हा मधुकर बोंद्रे, हिंगणघाटचा, एकटाच. स्टोअरमध्ये क्लार्क. रशियातून बोटीने यंत्रांच्या पेट्या येत, त्यांचे कागद तो पाही. नोकरी करता करता बाहेरून एम.कॉम.चा अभ्यास चालला होता. एका मोठ्या विद्यापीठात परदेशी व्यापाराचं संशोधन केंद्र निघालं होतं. तिथे म्हणे अशी शिकणारी माणसं पुस्तकाबाहेरचं काम करतात, खरा माल कसा जातो-येतो ते शोधून काढतात. बोंद्र्याला तिथे जागा हवी होती. ती मिळेपर्यंत त्याने आपल्या पुढच्या खोलीतच एक केंद्र काढलं. संचालक तोच, झाडू मारणाराही तोच.

मी चार इयत्ता शिकलेली. मला यातलं काय कळणार? पण दही घ्यायला गेलं की तो एक प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नसे.

"वहिनी, दोन पेट्या एकाच बोटीत चढल्या. एक भिलाईले पोचली, दुसरी महिन्यानं आली. कावून?"

"दुसरीचं घरचं बंदरावर कोणी नसंल. ज्याची वाट कोणी पाहत नाही ते सामान पडूनच राहते."

तो टुणकन उठायचा आणि हे लिहून घ्यायचा. मी हसायची. विरजण आंबट असे त्याचं.

पेट्या फोडल्या की लाकूड उरे. पिवळसर, डिंकाच्या वासाचं. भिलाईत त्या लाकडाशिवाय घर नव्हतं. कोणाचा पाट, कोणाचं कपाट, कोणाचा कोंबड्यांचा खुराडा. गेटपास काढून सगळेच आणत, आमचे हेही आणत. बोंद्रेही आणी, पण त्याने कधी एक खिळा ठोकला नाही. ज्या फळीवर रशियन अक्षरं छापलेली असत तेवढीच तो उचले. कुठल्या बंदरातून निघाली, कितवी पेटी, सगळं त्यावर असे. खाली तो पेन्सिलीने लिही, विशाखापट्टणमला कधी उतरली, इथे कधी आली. खोली भरली तेव्हा सगळ्या फळ्या आम्हा दोघांच्या सामाईक परसात छपराखाली रचल्या.

"वहीत उतरवून काढा न मग. एवढी अडगळ कशाला?"

"वहीत कोणीही काहीही लिहील, वहिनी. फळी म्हणजे मूळ पुरावा!"

'मूळ पुरावा' हा त्याचा मंत्र. भाजीवाल्याने वांगी ताजी म्हटली तरी हा विचारायचा, "मूळ पुरावा?"

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर अवेळी पाऊस आला आणि आमचा कोळसा भिजला. चकलीचं पीठ मळून ठेवलेलं, शेगडी नुसती धुमसत होती. मी परसात गेले आणि दोन फळ्या उचलल्या. बाळंतपण नव्हतं, कोणी आजारी नव्हतं. चकल्याच तळायच्या होत्या. लाकूड असं धडधडून पेटलं की मी आणखी दोन आणल्या. मग शेव. मग अनारसे. चार दिवसांत ढीग संपला. अक्षरं मला दिसत होती. आपल्याला वाचता येत नाहीत म्हणजे त्यात काही नसेल, असं मी मनाला सांगितलं.

वर ताट भरून फराळ त्यालाच नेऊन दिला. वहीत सही केली.

"चकली काय कुरकुरीत झाली वहिनी! आच चांगली लागली."

मी घरी पळाले.

दिवाळीनंतर त्या विद्यापीठाचे प्राध्यापक दुर्गला गाडी बदलणार होते. बोंद्र्याचा अर्ज त्यांच्याकडे गेला होता, म्हणून मधल्या दोन तासांत ते त्याचं काम पाहायला आले. इस्त्रीचा सदरा घालून तो त्यांना परसात घेऊन आला. मी माझ्या दाराआड उभी.

"फळ्या कुठे आहेत?"

"पावसात सडल्या, सर. फेकाव्या लागल्या."

"ज्याला पुरावा सांभाळता येत नाही, त्याने संशोधन करू नये," प्राध्यापक म्हणाले. चहाही न घेता गेले.

दार माझ्या हाताच्या अंतरावर होतं. उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मी कढईचं काळं बूड घासत बसले.

त्याने परत अर्ज केला नाही. काही वर्षांनी बदली झाली. जाताना ती लांबट वही माझ्या हातात दिली. "तुम्हीच ठेवा. केंद्रात दुसरं येत होतं कोण?"

खूप दिवस मी ती उघडली नाही. मग एका दुपारी बसले, अक्षर अक्षर लावत. पानामागून पान माझीच वाकडी सही. कारणाच्या रकान्यात त्याच्या हाताने लिहिलेलं, चर्चा. विरजण कुठेच नाही. वाट न पाहिलेल्या सामानाचं माझं बोलणं होतं, खाली दोन रेघा मारून.

दिवाळीच्या पानावर लिहिलं होतं: 'शेजारच्या वहिनींचा कोळसा भिजल्याने केंद्राने त्यांना फळ्या दिल्या. कोणी विचारल्यास हेच सांगावे.'

मला कधीच कोणी विचारलं नाही. म्हणून न विचारता सांगते. त्याने दिल्या नव्हत्या. मी नेल्या.