प्रेबेन गेल्यावरही नेट खातो

नॉर्वेच्या गिऱ्हाइकाचा फोन सकाळपासून तिसऱ्यांदा कटला, तेव्हा गुन्हिल्डने हेडफोन टेबलावर आपटला आणि ती तडक आस्गेरच्या खोलीत शिरली. फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या अरुंद खाडीच्या, काठावरच्या त्या खिडक्यांच्या कारखान्याची ती मालकीण आणि आस्गेर तिथलं नेटवर्क सांभाळणारा एकटा जीव. फोन नेटवरूनच चालत आणि नेट गेले कित्येक आठवडे रांगत होतं.

"कोण खातंय रे एवढं?"

"तेच बघतोय," म्हणत आस्गेरने स्क्रीन तिच्याकडे वळवला. कुठलं यंत्र किती नेट ओढतंय ते दाखवणारा प्रोग्रॅम त्याने कालच बसवला होता. एक पत्ता बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट ओढत होता, पण नेटवरचा यंत्राचा पत्ता म्हणजे नुसते आकडे.

"आकड्यांना काय जाब विचारू? मला माणूस दाखव. महिनाअखेर दोघांना घरी पाठवायचंय. एकाचा निर्णय तरी सोपा होईल."

आस्गेर कीबोर्डकडे वळला. नावं दाखवण्याची सोय चालू होती, तरी नावं येत नव्हती. शोधता शोधता कळलं, प्रोग्रॅम नावं विचारत होता बाहेरच्या सर्व्हरला. ऑफिसातली यंत्रं त्या परक्याला कुठून ठाऊक? आस्गेरने त्याला ऑफिसच्याच सर्व्हरकडे वळवलं. आकड्यांच्या जागी एकेक नाव उमटू लागलं. सगळ्यात वरचं नाव होतं प्रेबेन.

ऑफिसातल्या प्रेबेनला तर नोव्हेंबरात पुरलं होतं. शवपेटीला दोघांनीही हात लावला होता.

"जिवंतपणी तर कधी एवढं काम केलं नाही त्याने," गुन्हिल्ड पुटपुटली. मग तिचे डोळे बारीक झाले. "त्याच्या टेबलावर आता लिसबेथ बसते ना?"

"अगं थांब, अजून मी..."

थांबणं गुन्हिल्डच्या स्वभावात नव्हतं. हिशेब बघणारी लिसबेथ राईच्या पावाचा घास तोंडात घालणार, एवढ्यात मालकीण समोर उभी.

"लाज नाही वाटत? मेलेल्या माणसाच्या नावावर सिनेमे बघतेस?"

"मी? त्याचा कॉम्प्युटर तर मला उघडतासुद्धा येत नव्हता! पासवर्ड बरोबर घेऊन गेला तो."

"मग काय त्याचं भूत वापरतंय?"

"प्रेबेनचं भूत असतं तर जेवणानंतर घरी गेलं असतं!"

कुणी हसलं नाही. "सामान आवर," गुन्हिल्ड म्हणाली. लिसबेथने भिंतीवरचा मुलीचा फोटो काढला.

तेवढ्यात आस्गेर धापा टाकत आला. त्याच्या हातात प्रेबेनचा कॉम्प्युटर होता, धुळीने माखलेला, लोंबत्या वायरीचा. "हा कपाटात होता. बंद! भाडेकरू गेला, नवा राहायला आला, पण दारावरची पाटी कुणी बदललीच नाही. पत्ता दुसऱ्याच कुणाला मिळालाय, नाव मात्र जुनंच राहिलंय."

"मग बदल ती पाटी," गुन्हिल्ड म्हणाली. "आत्ता. सगळ्यांसमोर."

आस्गेरने सर्व्हरवरची जुनी नोंद पुसली, प्रोग्रॅमच्या आठवणीत अडकलेलं नावही काढलं. सगळे त्याच्या खुर्चीमागे दाटले. नवं नाव आलं: गुन्हिल्डचा टॅबलेट.

"माझा? तो तर खोलीत नुसता उभा असतो!"

तो खरंच नुसता उभा होता. त्याच्यावर घरच्या कॅमेऱ्यातून तिच्या स्वयंपाकघराचं चित्र दिवसभर चालू होतं आणि चित्रात टोपलीत पडलेला एक म्हातारा कुत्रा.

"डॉक्टर म्हणतात, कधीही जाईल," गुन्हिल्डचा आवाज एकदम खाली आला. "श्वास चाललाय ना, एवढंच बघते मी." मग लिसबेथकडे न पाहता ती म्हणाली, "चुकलं माझं."

लिसबेथने फोटो परत भिंतीवर लावला. तिचा राग गेला नव्हता. "माणसांचं राहू दे," ती म्हणाली, "त्याला तरी एकटं मरायला ठेवू नकोस. इथे घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी कुत्रा गुन्हिल्डच्या टेबलाखाली घोरत होता. टॅबलेट बंद होता आणि नेट वाऱ्यासारखं धावत होतं. दुपारी नॉर्वेच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. ना खरखर, ना तुटणं.

"तुमच्याशी बोलणंच होत नाही हो," तो म्हणाला. "म्हणून पुढच्या महिन्यापासून आम्ही खिडक्या दुसरीकडून घेतोय."

आवाज इतका स्वच्छ होता की गुन्हिल्डला "काय म्हणालात?" असंसुद्धा विचारता आलं नाही.