महासागरावरच्या दोन सीटची चोरी

स्वतःविषयी फारसं बोलायचं नाही हा माझा स्वभाव, म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्या भागात गुन्हे कमी होतात याचं श्रेय पोलीस घेतात. घेऊ देत बापडे. खरं कारण असं की वीजबिलांच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी पूर्णवेळ गुप्तहेर झालो. नजर घारीची, स्मरणशक्ती अफाट, आणि गुडघे... गुडघ्यांचं राहू द्या. जिन्यातला दिवा कोण पळवतं, हे प्रकरण मी एकट्याने तडीस नेलं. दिवा कोणी पळवत नव्हतं, तो नुसता उडाला होता. पण हे सिद्ध कोणी केलं?

माझा सहायक म्हणजे माझा मेहुणा. त्याची मी निवड केलेली नाही, तो लग्नात मिळाला.

आता प्रकरणाकडे वळतो. माझी बायको टेलिफोन खात्यात परदेशचे कॉल जोडून द्यायची. नोकरीभर तिने साऱ्या जगाला हॅलो म्हटलं आणि पाहिली मात्र समोरची भिंत. महासागराच्या पलीकडे तिच्यासारखीच एक ऑपरेटर होती. दोघी एकमेकींना लाइन जोडून देत, आणि लाइन मोकळी सापडली की सासू, सांधे, साहेब अशा विषयांवर बोलून घेत. अशी वर्षानुवर्षांची मैत्री, पण एकमेकींचं तोंड कधी पाहिलेलं नाही. आता ती मैत्रीण महिनाअखेर घर सोडून मुलाकडे राहायला चालली होती. 'त्याआधी एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा पी,' असा तिचा निरोप आला आणि बायकोने जन्मात पहिल्यांदा हट्ट धरला. जायचं. आणि जातोच आहोत तर सगळ्या जगाला फेरी मारणारं तिकीट काढून जायचं.

चौकात काचेच्या दाराचं तिकिटांचं ऑफिस आहे. भिंतीवर चार देशांच्या वेळा दाखवणारी चार घड्याळं, त्यातली तीन बंद. तिथल्या तिकीटबाईंनी नियम समजावले.

"एकाच दिशेनं जायचं. पूर्वेला निघालात की पूर्वेलाच, मागे वळायचं नाही. वर्षाच्या आत घरी पोचायचं. मधे कुठंही राहा, तारखा हव्या तेव्हा बदला. फक्त त्या विमानात सीट हवी. या तिकिटासाठी प्रत्येक विमानात मोजक्याच सीट राखलेल्या असतात."

"दोन द्या," मी म्हणालो. "शेजारी शेजारी. खिडकी माझी."

"साहेब, दोन एकदम नाही मिळाल्या, तर एक..."

"बाई!" मी त्यांना तिथेच अडवलं. "लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांना सोडून कुठेही गेलेलो नाही."

बायको चालू असलेल्या एकुलत्या एका घड्याळाकडे बघत होती.

बाकीच्या सगळ्या विमानांत जागा झाली. अडलं ते नेमकं महासागरावर. दोन सीट? नाहीत. दुसऱ्या दिवशी? नाहीत. त्यानंतर मी रोज सकाळी जाऊन विचारायचो, बाई तोंड उघडायच्या, मी "दोन आहेत की नाहीत, एवढंच सांगा" असं ठणकावायचो, आणि त्या मान हलवायच्या. तेव्हाच माझ्या नाकाला वास आला. सीट संपलेल्या नव्हत्या. सीट चोरीला गेल्या होत्या.

पहिला संशय अर्थात तिकीटबाईंवर.

"का पण?" मेहुण्याने विचारलं.

"ती आपल्याकडे बघून हसते."

"भाऊजी, गिऱ्हाईक आलं की हसतातच."

"हीच तर मेख आहे!"

मी समोरच्या फुटपाथवर पेपर उघडून पाळत ठेवली. थोड्या वेळाने बाई स्वतःच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, पेपर उलटा धरलाय. आणि आत येऊन बसा, ऊन लागेल." एवढी माया गुन्हेगार दाखवत नाही. मी त्यांना सशर्त निर्दोष सोडलं.

दुसरा संशय वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यावर. नेमक्या त्याच आठवड्यात त्याने ही एवढी थोरली बॅग घरात आणली होती. मी मेहुण्याला आत घुसवलं. तो बऱ्याच वेळाने कंबर धरत परत आला.

"बॅगेत काय?"

"जुन्या रजया."

"तुला कसं कळलं?"

"माळ्यावर मीच चढवली. ते म्हणाले, आलाच आहात तर हात लावा."

मग मी शांत बसून विचार केला आणि सगळं लख्ख दिसलं. विमानात शेजारची सीट रिकामी राहिली तर फायदा कोणाचा? ज्याला पाय पसरायचेत त्याचा! म्हणजे यामागे लांब पायांच्या माणसांची आंतरराष्ट्रीय टोळी होती. मी मेहुण्याला मोजपट्टी घेऊन चौकात उभं केलं. स्टेशनरीवाल्याचे पाय संशयास्पद निघाले, पण तो विमानाला भितो असं त्याची बायकोच म्हणाली.

इकडे घरी बायकोची बॅग भरून दारापाशी उभी होती. ती रोज त्यातून एक साडी काढायची आणि दुसरी ठेवायची. एका संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. तिचं सगळं घर खोक्यांत गेलं होतं, दोन कप तेवढे बाहेर ठेवले होते. फोन ठेवून बायको तिथेच बसून राहिली, दिवासुद्धा लावला नाही. मला ते बघवेना. मला खरंच वाईट वाटलं. म्हणून मी तपासाचा वेग वाढवला आणि गल्लीतल्या आणखी काही जणांचे पाय मोजवले.

महिना संपत आला तेव्हा मी सर्व संबंधितांना तिकिटांच्या ऑफिसात बोलावलं. शेजारी आला नाही, स्टेशनरीवाला दुकान टाकून येईना. तरी मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून सुरुवात केली.

"मंडळी, या खोलीत एक व्यक्ती अशी आहे, जिच्यामुळे या सीट..."

"अहो, जरा थांबा," बायको म्हणाली. ती सरळ तिकीटबाईंच्या टेबलाशी गेली. "दोन नाहीत, हे कळलं. एक आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या. मशीनकडे त्यांनी बघितलंदेखील नाही. "पहिल्या दिवसापासून आहे. दोन मागितल्या की मशीन नाही म्हणतं, एक मागितली की देतं."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" मी गरजलो.

"साहेब, तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ दिलंत का?"

मेहुणा भिंतीकडे तोंड करून खोकायला लागला. बायकोने पासपोर्ट टेबलावर ठेवला. फक्त तिचा.

"साहेबांनाही बघू का?" बाईंनी विचारलं. "दोन दिवसांनंतरच्या विमानात एक आहे. मागोमाग येतील."

"नको नको!" बायको इतक्या घाईने म्हणाली की टेबलावरचं पेन खाली पडलं. "त्यांच्या इथे केसेस अडतात."

माझ्या कामाबद्दल तिच्या मनात एवढा आदर असेल, याची मला कल्पना नव्हती. मी वाकून ते पेन उचलून दिलं.

ती गेली. वेळेत पोचली. पाठोपाठ फोटो आला. रिकामी फडताळं, टेबलावर दोन कप आणि दोन बायका. बायको इतकी हसत होती की डोळे मिटले होते आणि कपातला चहा बशीत सांडला होता. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. इतकी वर्षं एका घरात काढली, पण हिला असं हसता येतं याचा एकही पुरावा माझ्या हाती लागला नव्हता.

घर सुनं झालंय, हे कबूल करतो. सवयीने चहा दोघांचा टाकतो आणि दोन्ही कप मीच पितो.

तिची परतीची तारीख पुढे गेली. मैत्रिणीचं सामान लावायचं होतं म्हणे. मग ती आणखी पुढे गेली. मग त्याच्याही पुढे. यामागे कोणाचा तरी हात आहे, हे मी ताबडतोब ओळखलं.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "तारीख ताईच बदलतेय."

"काहीतरीच. ती कशाला बदलेल?"

त्याने तोंड उघडलं. मी हात वर करून त्याला थांबवलं, कारण तोवर कोडं माझं मलाच सुटलं होतं. नियम मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. बिचारीचा जीव घराकडे ओढ घेत असणार, रोज बॅग भरत असणार. पण करणार काय? त्या तिकिटावर मागे वळताच येत नाही.